सुनंदाकाकींचं एकास एक

माझ्या आयुष्यातला तोवरचा सगळ्यात मोठा दिवस सुनंदाकाकींनी साधारण दोन मिनिटांत लहान करून टाकला. तीच आमची पहिली भेट.

खोपोलीला शिळफाट्याजवळच्या एका मैदानावर कॉलेजांच्या मुलींचे फुटबॉलचे सामने होते. मी अकरावीत होते, कर्जतच्या आमच्या कॉलेजची मधली फॉरवर्ड, आणि त्या दिवशी मी एकटीने सात गोल केले होते. समोरचा संघ आदल्या आठवड्यात कसाबसा जमवलेला होता, त्यांच्यातल्या दोघी तर मुळात कबड्डीच्या होत्या, हे मला दिसत होतं. पण सात म्हणजे सात. बक्षीस देताना पाहुण्यांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता, तो मी काढला नव्हता. हार घालूनच मी नळावर पाणी प्यायला गेले. तिथे एक बाई बुटांचा चिखल धूत बसली होती. पन्नाशीची, ठेंगणी, सुती साडी घोट्याच्या बरीच वर खोचलेली. बूट फुटबॉलचे होते आणि तिचेच होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग हाराकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि हातातलं काम न थांबवता म्हणाली,

"सात केलेस म्हणं. त्यातलं पाच त्या बिचाऱ्या पोरीनं सोताच आत घेतलं. एक त्यांच्याच बॅकच्या पाठीला लागून गेला. तुझा एक. तो बी तुझ्या नडगीला लागला व्हता."

मी विचारलं, तुम्ही कोण? त्यावर तिने नाव सांगितलं नाही. भिवपुरीला वीजघराच्या कॉलनीत राहते एवढंच म्हणाली आणि उठता उठता म्हणाली, "हार वाळला की ये."

घरी पोचेपर्यंत मी ते सातही गोल मनात पुन्हा पुन्हा खेळून पाहिले. त्या बाईचा हिशेब चुकला होता. कीपरने पाच नाही, चारच आत घेतले होते. बाकी सगळं बरोबर होतं.

चार दिवसांनी मी भिवपुरीला गेले. कॉलनीच्या मागे, डोंगरावरून पाण्याचे जाड पाइप उतरतात त्या बाजूला एक मोकळी जागा होती. एका टोकाला दोन बांबू रोवून वर तिसरा आडवा बांधलेला. दुसऱ्या टोकाला काहीच नाही. मी विचारलं की दुसरा गोल कुठे आहे. काकींनी सांगितलं, दोन गोल ज्यांना सामना खेळायचा असतो त्यांना लागतात, आपल्याला एकच पुरतो.

हे खरोखर तसंच होतं. आजूबाजूच्या गावांतल्या आणि कॉलनीतल्या आम्ही सहा-सात मुली त्यांच्याकडे जायचो, पण त्यांनी आमचा संघ कधी केला नाही. पास कोणाला द्यायचा, कोणी कुठे उभं राहायचं, या सगळ्याला त्या 'पंचायत' म्हणायच्या आणि पंचायत तुमचे कॉलेजचे सर शिकवतील म्हणून मोकळ्या व्हायच्या. त्यांच्याकडे एकच गोष्ट होती. पायात बॉल, समोर एक बॅक, तिच्यामागे एक कीपर, तिच्यामागे गोल. पहिलीला चुकवायचं, दुसरीला फसवायचं. एकास एक. बास. या एवढ्याशा गोष्टीवर त्या आठवड्यातले पाच दिवस दोन-दोन तास बोलू शकत, आणि बोलत.

सुनंदाकाकी मुंबईत वाढल्या होत्या. तरुणपणी तिथे बायकांच्या एका क्लबात फॉरवर्ड होत्या. त्या काळात बायकांचे सामने बघायला गर्दी व्हायची, असं त्या सांगायच्या, आणि लगेच पुढे सांगायच्या की त्या गर्दीतल्या कोणालाही गोल किती झाले ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पेपरात त्यांचं एकदा नाव आलं होतं. ते कात्रण त्या कोणालाही दाखवत नसत. आमच्यापैकी प्रत्येकीने ते तीन-चारदा पाहिलं होतं. त्यात त्यांचं नाव सुनिता छापलं होतं. पुढे वीजघरात नोकरीला असलेल्या गायकवाडकाकांशी लग्न झालं, त्या भिवपुरीला आल्या, आणि सामने सुटले ते सुटलेच. पंचवीस वर्षं त्यांनी कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. काका अतिशय कमी बोलत. काकींचं म्हणणं असं, की यांना वीजघरातल्या यंत्रांची सवय झाली आहे, आवाज झाला की हे तो बंद कसा करायचा ते शोधतात, आणि मला बटण नाही.

ब्लाउज शिवण्याचा त्यांना खेळात फार उपयोग झाला, हे मात्र चेष्टेचं नाही. माप घेऊन घेऊन त्यांची नजर तयार झाली होती. कोणत्या बाईचा कुठला खांदा उतरलेला आहे, कोण कुठल्या पायावर उभी राहते, हे त्यांना ती दारात आल्या आल्या दिसायचं. मैदानावर त्यांनी विटांच्या दोन रांगा लावून आठ पावलं रुंदीची गल्ली केली होती. गल्लीत एकजण बॅक म्हणून उभी राहायची, दुसरीने बॉल घेऊन तिच्यावर जायचं. आम्ही नवख्या पोरी बॉलवरून पाय फिरवण्याचे मोबाइलवर पाहिलेले प्रकार करायचो. काकी तो सगळा नाच संपेपर्यंत शांतपणे पाहायच्या, मग विचारायच्या की आता आरती करायची का. मग उठून आम्हाला बॅकचे पाय दाखवायच्या.

"बॉलकडं काय बघतीस? बॉल तुझाच हाय, कुटं जात नाय. तिचा भार कुठल्या पायावर हाय त्ये बघ. ज्या पायावर भार, त्या पायाच्या बाजूनं निघ. तो पाय उचलायला तिला येळ लागतो. तेवढा येळ आपला."

पहिले दोन महिने मला यातलं काही जमलं नाही. मग एका दुपारी अचानक दिसायला लागलं. समोरच्या मुलीचा डावा गुडघा जरा ताठ झाला, मी त्याच बाजूने गेले, आणि ती जागच्या जागी एका पायावर वळत राहिली. मी आनंदाने काकींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या की बरं झालं, आता पुढे जाऊन गोल पण कर, की इथेच घर बांधणार आहेस.

गोल करणं हे माझं खरं दुखणं होतं. कीपर समोर आली की मला तो क्षण सहन व्हायचा नाही. तो लवकर संपावा म्हणून मी डोळे बारीक करून जोरात लाथ घालायची. बॉल कधी कीपरच्या अंगावर, कधी बांबूवरून थेट कोणाच्या तरी परसात. काकींनी याचं निदान पहिल्याच दिवशी केलं. "जोरात मारतीस म्हंजे घाबरतीस. आदी तिला बसू दे. ती बसली, का बॉल नुसता बाजूनं सरकव. पावण्याच्या पुढं चहाचा कप सरकवतो तसा. पावण्याला कप फेकून मारतो का आपण?"

आता ज्या कीपरला बसू द्यायचं ती कोण, ते सांगितलं पाहिजे. ती काकींची एकुलती एक मुलगी, प्रज्ञा. माझ्याच वयाची, उंच, हडकुळी, खोपोलीला डिप्लोमा करत होती. ती कुठल्याच संघात नव्हती. तिच्या कॉलेजात मुलींचा संघच नव्हता. आईला गोलात कोणीतरी हवं होतं म्हणून ती आठवी-नववीपासून उभी राहत होती, इतकंच. आम्ही सगळ्या काकींच्या शिष्या होतो. प्रज्ञा हे काकींचं साहित्य होतं, विटा आणि बांबू यांच्यासारखं.

आम्हाला शिकवण्यासाठी काकी तिचे दोष तिच्यादेखत मोजून दाखवायच्या. ही डावीकडे लवकर पडते. हिचे हात लांब आहेत पण खाली यायला उशीर करतात. हिला पायांमधून मारा, हिला ते कधीच कळत नाही. एकदा म्हणाल्या, "पाळण्यातनं बी डावीकडंच पडली व्हती. तवापास्नं सुधारणा नाय." आम्ही सगळ्या हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण तेवढा वेळ काकींच्या बोलण्यातून आपण सुटतो आहोत हे मला बरं वाटायचं. प्रज्ञा हसायची नाही, रडायचीही नाही. बॉल आणायला बांबूच्या मागे जायची, परत यायची, उभी राहायची.

दुसऱ्यांच्या घरातलं मात्र काकींना फार चटकन दिसायचं. लोधिवलीच्या पुढे बंगल्यांची एक नवी वसाहत झाली होती आणि तिथे एका गृहस्थांनी हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताची फुटबॉल अकॅडमी काढली होती. काकींचं नाव त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी एका रविवारी सकाळी खास एकास एक शिकवण्यासाठी त्यांना बोलावलं. काकींनी मला बरोबर नेलं, बॅक म्हणून. छत्र्यांखाली आईबाप कॉफी पीत बसले होते. मैदानावर नारिंगी शंकूंची रांग होती आणि मुलं त्या शंकूंमधून बॉल नेत होती. काकींनी पहिलं काम हे केलं, की ते सगळे शंकू एकात एक घालून बाजूला ठेवले. संचालकांना म्हणाल्या की हा शंकू पाय घालत नाही, धक्का देत नाही, समोरून पळत येत नाही, याला चुकवून काय करायचं. संचालक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मग एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा पुढे आला. त्याचे वडील बाजूच्या रेघेवरून त्याला प्रत्येक पावलाला सूचना देत होते. पोराला पुढे जावं की वडिलांकडे पाहावं कळेना. काकी दोन मिनिटं बघत राहिल्या, मग त्या गृहस्थांजवळ जाऊन अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, ह्याला बॉल नको हाय. ह्याला तुमच्यापासनं सुटका पायजे. पोरगं हितं राहू द्या, तुमी घरी जा." काकींचा हळू आवाजही सगळ्या छत्र्यांपर्यंत पोचला. निघताना संचालकांनी त्यांना मोठा पुष्पगुच्छ दिला आणि पुन्हा कधीही बोलावलं नाही. काकींनी तो पुष्पगुच्छ बादलीत ठेवला आणि सुकेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला दाखवला. त्या बापाची नक्कलही करून दाखवायच्या, अगदी हुबेहूब. प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती नक्कल बघायची.

मी बारावीत असताना अलिबागला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. निवड झालेल्या मुलींना पुढे राज्याच्या शिबिराला पाठवणार होते. काकींची माझ्यावर भिस्त होती. तसं त्या म्हणाल्या नाहीत; तुझ्यासारखी गेली तर तिथे काय पातळी आहे ते तरी कळेल, असं म्हणाल्या, आणि आदल्या महिन्यात त्यांनी आठवड्याचे पाचाचे सात दिवस केले. प्रज्ञा आमच्याबरोबर आली ती पिशव्या सांभाळायला.

फॉरवर्डची परीक्षा सोपी होती. मधल्या रेघेपासून बॉल घेऊन निघायचं, एक बॅक चुकवायची, समोर कीपर. पण आलेल्या कीपरपैकी एकीचं मनगट दुखावलं, दुसरी सारखं सारखं उभं राहून दमली. निवड करणाऱ्या सरांनी विचारलं, कोणी गोलात उभं राहील का थोडा वेळ. प्रज्ञाने हातातल्या पिशव्या माझ्याकडे दिल्या आणि गेली. ती इतक्या सहज गेली, की कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पहिल्या मुलीचा बॉल तिने अडवला. दुसरीचा अडवला. तिसरीचा आत गेला. त्यानंतर बराच वेळ काहीच आत गेलं नाही. सर खुर्चीवरून उठून गोलाच्या बाजूला येऊन उभे राहिले. माझी पाळी आली तेव्हा मी निश्चिंत होते. या कीपरचे सगळे दोष मला पाठ होते, तिच्या आईनेच ते मला शिकवले होते. मी बॅकला सहज चुकवलं, पुढे गेले, आणि शिकवल्याप्रमाणे ती बसायची वाट पाहायला लागले. ती बसली नाही. मी डावीकडे खांदा टाकला, ती पडली नाही. पायांत अंतर नव्हतं. हात खाली होते. वर्षभर माझ्यासाठी म्हणून जे जे ओरडून सांगितलं गेलं होतं, ते समोर उभी राहून तीही ऐकत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. बॉल पायात घेऊन मी अक्षरशः उभी राहिले. शेवटी मारला तो तिच्या हातात.

रेघेबाहेरून काकींचा आवाज आला. "तुला थांबायला शिकवलं व्हतं, झोपायला नाय." सगळं मैदान हसलं. बॉल हातात धरलेली त्यांची मुलगी चार पावलांवर उभी होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

यादी लागली तेव्हा माझं नाव नव्हतं. प्रज्ञा गायकवाड हे नाव होतं, अर्जच केलेला नसल्यामुळे शेवटी हाताने लिहिलेलं. काकींनी यादी दोनदा वाचली. मग त्यांच्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या की बघा, जिल्ह्यात कीपरचा किती दुष्काळ आहे. परतीच्या एसटीत प्रज्ञा आमच्यापासून दोन बाकं सोडून बसली. पेणच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा उठून आली आणि आईसमोर उभी राहून म्हणाली,

"शिबिराला मी जाणार. तू तिथे आलीस, तर त्याच दिवशी परत येईन. सोडायलाही येऊ नकोस."

मी काकींच्या शेजारीच बसले होते. त्यांनी तोंड उघडलं. मी वाट पाहत होते, आता काहीतरी टोला येणार. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि पाणी न पिताच परत ठेवली.

प्रज्ञाला काकांनी पोचवलं. मैदानावर आता गोलात कोणी नव्हतं. कोणी उभं राहायला तयारही नव्हतं, कारण गोलात उभं राहणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तीन दिवस आम्ही रिकाम्या गोलात बॉल मारले. चौथ्या दिवशी काकी साडीच्या आत ट्रॅकपँट घालून आल्या, पदर कमरेला घट्ट खोचला आणि दोन बांबूंच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मारा.

आम्ही मारलं. पहिले चार-पाच जरा संकोचाने, मग मजेत. पन्नाशीची ठेंगणी बाई, तिला एकही अडवता येईना. घामाने केस कपाळाला चिकटले. दरवेळी बॉल आणायला मागे जायच्या, यायच्या, उभ्या राहायच्या. आणि मग मी ते केलं. माझ्यामागच्या मुलीकडे वळून, हुबेहूब काकींच्या आवाजात मोठ्याने म्हणाले, "ही डावीकडं लवकर पडते गं. पाळण्यातनं बी डावीकडंच पडली व्हती." सगळ्या पोरी खो खो हसल्या. माझी नक्कल चांगलीच जमली होती. शिकवणारीच तशी होती.

काकी हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. गोलात उभ्याच राहिल्या, हात जरा पुढे केलेले, तसेच. माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "असंच म्हनायची न्हवं मी?" त्यांनी बॉल माझ्याकडे परत टाकला आणि म्हणाल्या, चल, मार. मी मारला तो त्यांच्या बोटांवर बसला. करंगळी मोडली. दवाखान्यात नेताना रिक्षात मी रडत होते आणि त्या मला सांगत होत्या, की निदान या वेळी पायाच्या बरोबर जागी लागला होता.

पट्टी बांधलेल्या हाताने त्या महिनाभर गोलात उभ्या राहिल्या. अडवलं फारसं काही नाही, पण बोलणं कमी झालं. एका दुपारी त्यांनी मला माझ्या फोनवरून प्रज्ञाला फोन लावायला सांगितला, कारण त्यांचा ती उचलत नव्हती. तिने उचलल्यावर माझ्या हातातून फोन घेतला आणि एका दमात म्हणाल्या, "हल्ली गोलात मी उभी ऱ्हाते. बोट मोडलंय. हितनं गोल लय मोठा दिसतो." आणि फोन बंद केला. मला वाटलं, एवढा आटापिटा करून ही बाई फक्त हवामानाची बातमी दिल्यासारखं बोलली.

प्रज्ञा दिवाळीला आली. दुपारी मैदानावर आली, विटांवर बसली आणि आईला गोलात बघत राहिली. मग उठून जवळ गेली. आई, तू फार लवकर बसतेस. पुढे ये, मागे राहिलीस तर तिला सगळा गोल दिसतो. हात कुठे आहेत तुझे? आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सुनंदाकाकींचे दोष त्यांच्या तोंडावर मोजत होतं, तेही शिष्यांसमोर, आणि पोरगी काहीच शिल्लक ठेवत नव्हती. काकींनी सगळं ऐकून घेतलं. दोन पावलं पुढे आल्या. हात खाली केले. संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन बॉल अडवले, त्यातला एक माझा होता आणि मी तो मुद्दाम त्यांच्या अंगावर मारला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगते.

प्रज्ञा पुढे राज्याकडून खेळली, खेळाच्या जोरावर सरकारी नोकरीत लागली, नागपूरला गेली. काका निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा दोघं तिच्याकडे राहायला गेले. गेल्या वर्षी काकी तिथेच वारल्या. हृदयविकाराने, दुपारी, कोणालातरी ब्लाउजच्या बाहीबद्दल नावं ठेवून झाल्यावर, असं काकांनी फोनवर सांगितलं. एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम भिवपुरीजवळच्या काकांच्या मूळ गावी, बुद्धविहारात झाला. मी आईला घेऊन गेले होते. वंदना झाली, मग भाषणं सुरू झाली. तालुक्यातले एक पुढारी आले होते. काकींना ते कधी भेटले नसावेत, कारण त्यांनी सांगितलं की सुनंदाताई म्हणजे मायेचा झरा होत्या, त्यांच्या तोंडून कधी कोणी कठोर शब्द ऐकला नाही. आम्ही जुन्या मुली एका रांगेत बसलो होतो. रांग हलायला लागली. मी ओठ दाताखाली धरले होते. पुढाऱ्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि आम्हाला फार दुःख झालं आहे असं समजून आवाज आणखी कातर केला.

मग प्रज्ञा उठली. पांढरी साडी, केस कापलेले, आईपेक्षा दीड हात उंच. तिने माइक घेतला.

"माझी आई मायेचा झरा नव्हती," ती म्हणाली. "तिची जीभ फार वाईट होती. इथे बसलेल्या निम्म्या बायका तिच्यामुळे रडल्या आहेत, आणि सगळ्यात जास्त मी. तिला खोटं गोड बोलून निरोप दिला तर ते तिला आवडणार नाही. नागपूरला आल्यावर एकदा मी डाळ निवडत होते. ती येऊन समोर बसली आणि म्हणाली, माझं चुकलं, मी तुला वस्तू समजले. मी म्हटलं, किती वर्षांनी सांगतेस. तर म्हणाली, उशीर झाला, पण सांगून ठेवते. मग माझ्या हातातलं ताट घेतलं आणि म्हणाली, तुला डाळ निवडता येत नाय." तिने माइक खाली घेतला. "एवढंच सांगायचं होतं."

आमच्या रांगेत कोणी हसलं, कोणी रडलं, काहीजणी दोन्ही करत होत्या. पुढाऱ्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं, ते गेले. आम्ही जेवलो, काकांना भेटलो, निघालो.

आई आणि मी रस्त्यापर्यंत चालत आलो. बारावीच्या परीक्षेनंतर तिने माझे बूट माळ्यावर टाकले होते आणि आता पुरे म्हणाली होती. भांडण झालं नव्हतं. मी बूट मागितले नव्हते, तिने काढून दिले नव्हते, आणि त्या विषयावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नव्हतो. फाट्यावर पोचल्यावर ती सावलीला उभी राहिली, पदराने तोंड पुसलं आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत म्हणाली,

"तुझा खेळ मी बंद केला गं. त्ये चुकलं माझं."

माझ्या तोंडावर आलं होतं, जाऊ दे. तेच म्हणायची पद्धत आहे. पण तसं वाटत नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "चुकलंच."

आईने मान हलवली. मग आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून रिक्षाची वाट पाहायला लागलो.